गुरुवारची बसयात्रा

यात्रा म्हटली कीं आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर उभें राहतें, आणि नव्या पिढीच्या डोळ्यांपुढें सिंगापूर. ज्या नगरींत आपलें आयुष्य गेलें तिचीच यात्रा करावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. मुंबईकराच्या तर मुळींच नाहीं. गांवाकडील पाहुणा आला म्हणजे त्यास राणीचा बाग व गेटवे दाखवून आणावयाचें, आणि त्याच्या निमित्तानें आपणही चार शेंगा खाऊन परत यावयाचें, एवढाच त्याचा व या नगरीचा संबंध. मग शाळा, शिकवण्या आणि घर या त्रिकोणांत ज्याचीं पस्तीस वर्षें गेलीं त्या मास्तराबद्दल काय बोलावें ?

परंतु यंदा आम्हांस हा योग आला, व त्याचें कारण सांगावयास हवें. आम्ही राहतों ती गिरगांवांतील चाळ आतां पाडावयाची असून तिच्या जागीं उंच इमारत व्हावयाची आहे. मार्गशीर्षांत बिऱ्हाड हलवून आम्ही उभयतां कल्याणास चिरंजीवांकडे जाणार. नवी इमारत उभी राहण्यास किती काळ लागेल याविषयीं चाळींत एकमत नाहीं. तरुण मंडळी चार वर्षें म्हणतात, वडीलधारे नुसतेच हंसतात. आम्हांस सदुसष्टावें वर्ष चालू आहे. हा हिशेब घरांत कोणीं मोठ्यानें मांडला नाहीं. मात्र आषाढांतील एका संध्याकाळीं भाजी निवडतां निवडतां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, निघण्यापूर्वीं एकदां मुंबई नीट पाहून घेऊं या का ?" लग्न होऊन त्या गुहागराहून या चाळींत आल्या त्याला चाळीस वर्षें होऊन गेलीं. एवढ्या काळांत त्यांनीं स्वतःकरितां मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या असतील. श्रावणापासून दर गुरुवारीं बाहेर पडावयाचें असें तेथेंच ठरलें.

चिरंजीवांनीं मोटार पाठविण्याची तयारी दाखविली. ती आम्हीं नाकारिली, आणि केवळ काटकसर म्हणून नव्हे. मोटारींत मनुष्य खालीं बसतो व त्यास पुढच्या मोटारीची पाठ तेवढी दिसते. बसमध्यें तो उंच बसतो, खिडकी रुंद असते, आणि रस्त्यावरील गर्दीमुळें गति इतकी मंद असते कीं दुकानाची पाटी एकदां वाचतां आली नाहीं तर दुसऱ्यांदा वाचण्यास अवकाश मिळतो. २०२५ च्या ऑक्टोबरांत गिरगांवच्या पोटांतून भुयारी रेल्वे धांवूं लागली. तिच्यांत थंडावा आहे, वेग आहे, स्वच्छताही वाखाणण्याजोगी आहे; पण खिडकीबाहेर पाहावें तर काळोख. नातवंडांस ती फार आवडते. आम्हांस नगरी पाहावयाची होती.

खर्चाविषयीं गृहिणी विचारतील म्हणून सांगतों. २०१९ सालीं पांच रुपयांवर आणलेलें बसचें किमान भाडें २०२५ च्या मे महिन्यांत दहा रुपये झालें. वातानुकूलित गाडीस बारा. रोज चार घरचीं कामें करून परतणाऱ्या बाईस ही वाढ जाणवते, हें आम्हीं शेजारच्या बाकावर बसून ऐकलें आहे. आमच्यासारख्या आठवड्यांतून एकदां हिंडणाऱ्यांनीं तक्रार करूं नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळीं आणि पाण्याची बाटली घरून घेतली म्हणजे दोघांचा दिवस शंभर-दीडशे रुपयांत सुखानें पार पडतो.

पहिल्या गुरुवारीं आम्हीं एक हौस पुरवून घेतली. मुंबईची पहिली मोटार-बस १५ जुलै १९२६ रोजीं सुटली ती कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. तत्पूर्वीं ट्रामचें राज्य होतें; १८७४ पासून घोड्यांच्या, १९०७ पासून विजेच्या. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम धांवली आणि तें राज्य संपलें. त्या पहिल्या बसच्या वाटेनेंच आपला आरंभ व्हावा म्हणून आम्ही प्रथम कुलाब्यास गेलों. पहिल्या अफगाण युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलें हें चर्च १८५८ सालचें. आंत शांतता होती. परक्या देशांत परक्यांसाठीं मेलेल्या माणसांचीं नांवें वाचून सौभाग्यवती म्हणाल्या, "यांच्या आयांना हें ठिकाण कधीं दिसलेंही नसेल." आम्हांस यावर बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं.

परत येतांना बोरीबंदराजवळ विजेवर चालणारी दुमजली गाडी मिळाली. मुंबईंत दुमजली बस १९३७ सालीं आली. जुन्या धर्तीची शेवटची दुमजली गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजीं निवृत्त झाली. त्याच वर्षीं फेब्रुवारीपासून या नव्या गाड्या कोटांत धांवूं लागल्या होत्या. आम्हीं खालीं बसावें म्हणून जागा शोधीत होतों, तों सौभाग्यवती जिना चढून वरच्या मजल्यावरील अगदीं पुढच्या बाकावर जाऊन बसल्याही ! गुडघ्यांची तक्रार त्या जिन्यावर कोणास आठवली नाहीं.

बसमध्यें बसून थांब्यांचीं नांवें नुसतीं वाचीत गेलें तरी मुंबईचा अर्धा इतिहास कळतो. धोबी तलावावर आज तलाव नाहीं. गवालिया टँक बुजून तेथें मैदान झालें, आणि १९४२ च्या ऑगस्टमुळें तें मैदान सर्व देशास ठाऊक झालें. बेटाबेटांमधून भरतीचें पाणी शिरत असे त्या काळीं तें ओलांडून आलेला मनुष्य जेथें पाय धुई ती पायधुणी; आतां तेथें उभें राहावयास जागा मिळाली तरी पुष्कळ. उमरखाडीस खाडी नाहीं, खेतवाडींत शेत नाहीं, फणसवाडींत फणस शोधूनही मिळावयाचा नाहीं. संस्कृतांत एखादा स्वर लुप्त झाला म्हणजे त्याच्या जागीं अवग्रह लिहितात. येथें कांहीं होतें, एवढेंच तो सांगतो. हीं नांवें म्हणजे या नगरीचे अवग्रहच होत. आमच्या चाळीचें नांव मात्र कोणत्याही थांब्यास नाहीं.

वाळकेश्वरास आम्ही सर्वपित्रीच्या आधींच्या गुरुवारीं गेलों. वाळकेश्वर म्हणजे वालुकेश्वर, वाळूचा ईश्वर. लंकेस जातांना श्रीरामांनीं येथें वाळूचें लिंग करून पूजिलें व तहान लागली तेव्हां बाण मारून पाणी काढिलें, अशी कथा. ती बाणगंगा समुद्रापासून हांकेच्या अंतरावर असूनही तिचें पाणी गोडें आहे. तलाव शिलाहारकालीन समजतात. जुनें देऊळ पोर्तुगीज अमदानींत गेलें आणि १७१५ च्या सुमारास रामा कामत या सारस्वत गृहस्थानें तें पुन्हां बांधविलें. चारी बाजूंस पायऱ्या, कांठीं मठ, दीपस्तंभ, बदकें. आणि मान वर करून पाहावें तों सभोंवार पन्नास-पन्नास मजल्यांचे मनोरे पाण्यांत डोकावीत आहेत. आमचे तीर्थरूप दर सर्वपित्रीस येथें येत व येतांना आम्हांस बोट धरून आणीत. ज्या पायरीवर ते बसत ती पायरी आम्हीं ओळखली, कीं ओळखल्यासारखें वाटलें, कोण जाणे. कल्याणाहून हें ठिकाण दूर पडेल, एवढेंच मनांत आलें.

भर पावसाच्या एका गुरुवारीं छपराखालीं हिंडतां यावें म्हणून छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय निवडिलें. तेथें सोपाऱ्याकडे मिळालेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. त्या भागांत त्याच्या आठव्या व नवव्या लेखांचे अंश मिळाले; आठव्याचा अंश १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या शोधामुळें उजेडांत आला. या आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वींचे राजे मृगयेसारख्या करमणुकीसाठीं विहारयात्रेस निघत. अशोक मात्र अभिषेकानंतर दहाव्या वर्षीं संबोधीस गेला आणि तेव्हांपासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत ब्राह्मणांचें व श्रमणांचें दर्शन, वृद्धांची विचारपूस, खेड्यापाड्यांतील लोकांची भेट आणि त्यांच्याशीं धर्मविषयक बोलणें, असा कार्यक्रम असे. हा अर्थ आम्हीं तेथेंच सौभाग्यवतींस सांगितला व विचारिलें, "मग आपली यात्रा कोणती ? विहारयात्रा कीं धर्मयात्रा ?"

"डबा उघडला म्हणजे विहारयात्रा, आणि पायऱ्या चढावयाच्या आल्या म्हणजे धर्मयात्रा," असा निकाल मिळाला.

उपनगरांतील लेण्यांस पूर्ण प्रवास बसनें करणें आमच्या वयास झेपण्यासारखें नाहीं. लोकलनें अंधेरीस उतरावें आणि तेथून महाकाली लेण्यांची बस धरावी. हीं कोंडिविट्याचीं बौद्ध लेणीं. नवव्या लेण्यांत खडकाच्या आंत एक वाटोळी झोंपडीच कोरलेली असून तिच्या आंत स्तूप आहे. भिंतीस दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. लांकडाच्या कुटीची आठवण शिल्प्याच्या हातांतून अद्यापि गेलेली नव्हती, असें ती पाहून वाटतें. येथें एक प्राकृत लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणानें आपल्या भावासह हा विहार दान दिल्याचें त्यांत म्हटलें आहे. दोन धर्मांमध्यें भिंत घालून इतिहास शिकविण्याची सवय ज्यांस लागली आहे त्यांनीं, आणि त्यांत आमचा शिक्षकवर्गही आला, या जाळीसमोर घटकाभर उभें राहावें. तेथून जोगेश्वरीचें शैव लेणें फार दूर नाहीं. सहाव्या शतकाच्या सुमाराचें हें विस्तीर्ण लेणें माथ्यावर व कडेस घरांनीं वेढलें गेलें आहे. छतांतून पाणी झिरपतें, मूर्ति झिजल्या आहेत, आणि तरी आंत देवीपुढें दिवा तेवत असतो. येथें आम्ही फार वेळ थांबलों नाहीं. दुःख झालें.

कान्हेरीस मात्र दोनदां गेलों. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून सुमारें सहा-सात किलोमीटर आंत बस जाते. सोमवारीं उद्यान बंद असतें हें ध्यानांत ठेवावें. कृष्णशैल म्हणजे काळा डोंगर. लेखांतून त्याचें प्राकृत रूप 'कण्हसेल' असें आढळतें आणि त्याच कुळांतलें आजचें कान्हेरी. शंभराहून अधिक लेणीं एका डोंगरांत. तिसऱ्या लेण्यांतील चैत्यगृह पाहून मनुष्य आपोआप हळू बोलूं लागतो. एकेचाळिसाव्यांत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, आणि नव्वदाव्यांत इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आरंभीं येथें येऊन गेलेल्या पारशी मंडळींनीं पहलवी भाषेंत आपलीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. भिंतीवर नांव लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्हीं आयुष्यभर छड्या मारिल्या. या लेखास मात्र हात जोडिले.

परंतु सौभाग्यवतींचें मन रमलें तें पाण्याजवळ. जवळ जवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणांत खडकांत खोदलेलें टांकें आहे. माथ्यावरचें पावसाचें पाणी पन्हळींतून वळवून त्यांत सोडलेलें आहे. एक थेंब वायां जाऊं नये अशी ती योजना. कोंकणांत विहिरीचा तळ दिसेपर्यंत वैशाख काढलेल्या बाईस तिचें मोल कोणीं समजावून देण्याची गरज नव्हती. त्या प्रत्येक टांक्यांत वांकून पाहत होत्या व किती हंडे मावतील याचा अंदाज बांधीत होत्या. लेखांत या टांक्यांस 'पाणियपोढि' म्हटलें आहे, आणि डोंगरकिल्ले हिंडणारीं आपलीं मुलें आजही पाण्याची पोढी म्हणतात, हें आम्हीं सांगितलें. "शब्दही साठवून ठेवलेला दिसतो," असें त्या म्हणाल्या.

हीं दानें कोणाचीं ? राजांचीं थोडीं. बहुतेक व्यापारी, कारागीर, भिक्षु, भिक्षुणी, घरच्या स्त्रिया. कोणी सोपाऱ्याचा, कोणी नाशिकचा. आणि कल्याणचे तर कितीएक. कल्याणच्या एका सोनारानें पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहारानें येथें वाट करून दिली. त्याचा लेख आहे तो तेवढ्या वाटेपुरता. लेणें नाहीं, मूर्ति नाहीं, चालणाऱ्यांसाठीं वाट. हें आम्हीं पायरीवर बसून सांगत असतां त्या बराच वेळ उगीच राहिल्या.

"म्हणजे कल्याणाहून माणसें येथें येत असत," शेवटीं त्या म्हणाल्या.

"खाडी ओलांडून, डोंगर चढून. दोन हजार वर्षांपूर्वीं."

परतीच्या बसमध्यें त्यांनीं चालकाच्या पाठीमागची जागा धरिली. ठाण्याहून बोरिवलीस येणारी बस घोडबंदराच्या रस्त्यानें येते, एवढें त्यांनीं त्या बिचाऱ्याकडून पहिल्या वळणाच्या आंतच काढून घेतलें. उद्यानाचें दार येईपर्यंत त्या त्याला विचारीत होत्या कीं गुरुवारीं सकाळीं त्यांतली पहिली किती वाजतां सुटते.