पहिली गरम रोटी

रत्नागिरीहून मुंबईला गेलो की भेंडी बाजारातल्या नूर मोहम्मदीत एकदा जेवायचं, हे आमचं ठरलेलं. १९२३ पासूनचं हे हॉटेल नल्ली निहारीसाठी प्रसिद्ध. अरबीत ‘नहार’ म्हणजे दिवस. रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी खायची, म्हणून ती निहारी.

यंदा अम्मी सोबत होती. आयुष्यभर तिने तांदळाच्या गरम भाकऱ्या सगळ्यांना वाढल्या. स्वतः शेवटी, उरलेली गार भाकरी खाल्ली. इथे पहिली रोटी तिच्यापुढे आली. सवयीने तिने ती नातवाकडे सरकवली. त्याने परत तिच्या ताटात ठेवली.

“दादी, बिस्मिल्लाह कर.”

अम्मी हसली. आता आमच्या घरीही पहिली भाकरी तिचीच.