दुपारी चारचा व्हायझर

गाडीचा व्हायझर सकाळी सहसा नीटच असतो. दुरुस्त केला, बसवला, वर ढकलला, टक् आवाज आला, मालक खूश. मग दुपारी चारला ऑफिसच्या उघड्या पार्किंगमधून गाडी बाहेर पडते आणि पहिल्याच गतिरोधकावर तो अलगद डोळ्यांसमोर उतरतो. मुलुंड पूर्वेला राहत्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचे व्हायझर दुरुस्त करणाऱ्या सत्तरीतल्या एका कारागिराला गेली कित्येक वर्षं या चार वाजण्याने झपाटलं आहे.

त्याचा हात बसला तो कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तो गाडीच्या आतल्या कामाला लागला, म्हणजे सीट, दरवाज्यांची अस्तरं, छताचं कापड. तेव्हा लाइनवर पद्मिनी होती. त्या काळातल्या गाड्यांचा व्हायझर सरळ स्वभावाचा: तारेची चौकट, मध्ये पुठ्ठा, वर फोम, त्यावर रेक्झिन आणि कडेने शिवण. उसवला की आतलं सगळं हाती लागायचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी गाडीला निरोप दिला. या कारागिराला मात्र उसवता येणारी एक वस्तू गेल्याचं वाईट वाटलं.

आता त्याचा उजवा अंगठा दगा देऊ लागला आहे. अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो, पक्कड धरली की कळ मनगटापर्यंत जाते. आणि व्हायझरचं सगळं काम अंगठ्याचं. दांडी स्प्रिंग क्लिपमध्ये शिरताना किती अडते, कुठे बसते, बसल्यावर किती धरते, हे अंगठाच सांगतो. म्हणून खालच्या मजल्यावरचा आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा रविवारी हाताखाली येतो. ‘काका, जोर मी लावतो, तुम्ही फक्त सांगा,’ असं तो म्हणतो. अडचण सांगण्याचीच आहे.

व्हायझर छताला ज्या दांडीने अडकलेला असतो, ती पूर्ण गोल नसते. तिच्या एका बाजूला थोडा भाग चपटा केलेला असतो. व्हायझरच्या पोटात स्प्रिंग स्टीलची क्लिप चिमट्यासारखी त्या दांडीला धरून बसलेली असते. व्हायझर वर गेला की क्लिपचा जबडा नेमका चपट्या भागावर येतो आणि तो टक् आवाज होतो. लटकणारा व्हायझर पाहिला की बहुतेकांना वाटतं, क्लिप सैल झाली. अनेकदा क्लिप ठणठणीत असते. तिच्याभोवतीचं प्लास्टिक चिरलेलं असतं आणि व्हायझर फिरवला की क्लिप आतल्या आत गिरकी घेते. परीक्षा सोपी आहे. व्हायझर उतरवून दांडी कानाजवळ धरून फिरवावी. टक् येतो पण दुबळा, तर दोष पोलादाचा. आतून खुळखुळ ऐकू आली, तर दोष प्लास्टिकचा.

पोलादाचा दोष निघतो. जबडा न दाबता क्लिपची पाठ शेगड्यात धरून थोडीथोडी आवळायची. आच अजिबात द्यायची नाही, लाल झालं की स्प्रिंगचं पाणी गेलं. प्लास्टिकचं दुखणं चिवट. नव्या व्हायझरांचं आतलं अंग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि त्याला नेहमीचं चिकटवणारं काही धरत नाही. अंधेरी पूर्वेला पिडिलाइटचं मुख्य कार्यालय आहे, एम-सील आणि फेव्हिकॉल एसआर ९९८ ही दोन्ही त्याच घरची. रेक्झिन, फोम, लाकूड, पत्रा यांवर त्याचा या डब्यांवर पूर्ण भरवसा. पण पॉलिप्रॉपिलीनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर भरलेली लांबी वाळली की खपलीसारखी सुटून येते. सकाळी ती दगड वाटते. चारला तिच्याखालचं प्लास्टिक उन्हाने फुगतं, मऊ पडतं, आणि क्लिप पुन्हा मोकळी.

हे ऊन साधं नसतं. २०१८मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कडक उन्हात उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड तासाभरात सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले आढळले. पॉलिप्रॉपिलीन वितळायला १६० अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण ताण कायम असेल तर ते त्याच्या कितीतरी आधी हळूहळू सरकू लागतं. क्लिपचा ताण तर चोवीस तास असतो. व्हायझर काचेला लागून बसतो आणि वर छताचा तापलेला पत्रा असतो.

म्हणून तो आता प्लास्टिक चिकटवण्याच्या भानगडीत पडत नाही. छताकडच्या बाजूने शिवण उघडायची, क्लिप बाहेर काढायची, पातळ पत्र्याची पट्टी तिच्या पाठीवरून नेऊन शाबूत प्लास्टिकपर्यंत पोचवायची, दोन्ही बाजूंना वॉशर ठेवून रिबिट मारायचे. जोर चिरेवर न येता लांबवर वाटला जातो. मग फोम, मग रेक्झिन, मग अर्धगोल सुईने शिवण. पावसाळ्यात तो रेक्झिन चिकटवण्याचं काम शक्यतो हातात घेत नाही: सोल्यूशन वाळताना हवेतली ओल त्यावर बसते, थर पांढुरका पडतो आणि कड महिन्याभरात सुटते.

एवढं करूनही काही व्हायझर चारला उतरतातच. इथे तो अडून बसतो. क्लिप जास्त आवळली तर उन्हातही धरते, पण मग मालक घाईत हिसडा देतो आणि छतातला ब्रॅकेटच उपटून येतो. कमी आवळली तर चारला लटकतो. या दोन टोकांमधली जागा केसाएवढी आहे, प्रत्येक मॉडेलला वेगळी आहे, आणि ती थंड व्हायझरवर सापडत नाही. म्हणून दुरुस्त केलेली गाडी तो काचा बंद करून भर उन्हात उभी करतो, तिसऱ्या प्रहरी अंगठा लावून बघतो, आणि मगच किल्ली परत देतो. माणसं कंटाळतात. तो ऐकत नाही.

मुलाने यावर सामान तोलायचा हातकाटा आणला, विमानतळावर जाण्याआधी बॅगा अडकवतात तो. व्हायझरच्या कडेला हुक लावून खाली ओढायचं, सुटला त्या क्षणी आकडा वाचायचा. एका हॅचबॅकचा आकडा सकाळी भरभक्कम आला, दुपारी निम्म्यावर. इतकी वर्षं अंगठा जे सांगत होता, ते काट्याने छापून दिलं. कारागिराला त्याचा आनंद झाला आणि खोलवर थोडी असूयाही वाटली. काटा कोणालाही मिळतो. अंगठा त्याचा एकट्याचा होता.

उपनगरांत कोणता व्हायझर आधी जाणार, हे रस्ता ठरवतो, असं त्याचं ठाम मत आहे आणि नकाशा त्याच्या बाजूने आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड (जेव्हीएलआर) पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. अंधेरी-गोरेगावात राहून पवई-विक्रोळीत नोकरी करणाऱ्याला सकाळी सूर्य समोर आणि संध्याकाळीही समोर. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून वर येतो तेव्हा तर पवईच्या सिग्नलला पुढची गाडी दिसत नाही. घाटकोपर-मुलुंडहून अंधेरीला जाणाऱ्याच्या दोन्ही वेळा पाठीवर ऊन, त्याचा व्हायझर वर्षानुवर्षं नवा राहतो. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर बोरिवलीहून दक्षिणेला गेलं तर सकाळचं ऊन डावीकडून येतं, परतताना संध्याकाळचंही डावीकडूनच, म्हणजे शेजारच्या सीटचा व्हायझर झिजतो. उलट दिशेने नोकरीला जाणाऱ्याला दोन्ही वेळा उजवीकडून ऊन लागतं. तो व्हायझर हुकातून काढून खिडकीकडे वळवतो, आणि त्याचा हुक आणि कोपर आधी खिळखिळे होतात. गाडी समोर आली की व्हायझर चाचपून मालक कुठून कुठे जातो हे हा कारागीर सांगतो, आणि ते बरोबर आलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं तो अभिमान आहे. तो लपवत नाही.

हे काम वाढलं त्यालाही एक तारीख आहे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर फिल्म लावायला बंदी केली. काळ्या काचांमागे निवांत असलेले व्हायझर कामाला जुंपले गेले. त्यात लोक त्यांच्यावर ओझं टांगतात: चष्मे, पेनं, पीयूसीचे कागद, कप्प्यांचे पाऊच. टोलच्या पावत्या तेवढ्या गेल्या. फास्टॅग आला, आणि १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंडसह मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या गाड्यांना टोलमाफी मिळाली. पाऊच मात्र दुकानदार अजून गळ्यात मारतात. ॲक्सेसरीच्या दुकानांवर त्याचा राग आहे. लटकणाऱ्या व्हायझरवर ते रेक्झिनचं नवं कव्हर चढवून देतात, म्हणजे वजन आणखी वाढतं आणि शेजारच्या सीटसमोरची एअरबॅगची सूचनाही झाकली जाते.

गाडीच्या कंपन्यांवरही त्याचा राग आहे. क्लिप सुटी मिळत नाही; पूर्ण व्हायझर घ्यावा लागतो. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगार बाजारात जुना मिळतो, पण तो दुसऱ्या कोणाच्या उन्हात उतरलेला असतो, करड्याशी करडा जुळत नाही. शिवाय त्याचंही आतलं प्लास्टिक तितकंच थकलेलं. हा आजार इथलाच नाही. अमेरिकेत २००६पासूनच्या होंडा सिव्हिक गाड्यांचे व्हायझर सांध्यावर फाटून लटकू लागले तेव्हा कंपनीला त्यांची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. २०२०च्या जानेवारीत बॉशने लास व्हेगासला पारदर्शक एलसीडी व्हायझर दाखवला: कॅमेरा चालकाचे डोळे शोधतो आणि पडद्याचा तेवढाच तुकडा काळा होतो. मुलाने त्याचा व्हिडिओ मोठ्या कौतुकाने दाखवला. काकांनी तो पुन्हा मागे नेऊन पाहिला आणि विचारलं, ‘हे छताला कशाने धरलंय?’

शिवणीबद्दल त्याला एक हौस आहे. उसवलेली कड कुठे होती हे मालकाला बोटाने सापडू नये, अशीच तो शिवतो, आणि मालकाला शोधायलाही लावतो. पण अगदीच न सापडलेलं काम कोणाच्या नावावर जात नाही, हे त्याला सोसत नाही. म्हणून दांडीजवळ, छताकडे जाणाऱ्या बाजूला, एक टाका तो मरून दोऱ्याने घालतो. कुर्ल्याला शिकाऊ असताना त्याच्या हाती मरून दोऱ्याचं रीळ असायचं. टॅक्सीत, भाड्याच्या गाडीत, भाच्याच्या नव्या एसयूव्हीत बसल्याबरोबर त्याचा अंगठा आधी व्हायझरकडे जातो. मुलाने परवा पहिल्यांदा एकट्याने व्हायझर पुरा केला आणि विचारलं, मरून टाका मी घालू का? उत्तर अजून मिळालेलं नाही.

घरी हे काम करायचंच असेल तर त्याची विनंती एवढीच: व्हायझरच्या आरशाजवळ दिवा असेल तर आधी बॅटरीची तार काढा, पडदा एअरबॅग असलेल्या गाडीच्या छताच्या कडेला नवं भोक पाडू नका, आणि रबरबँडने बांधून जेव्हीएलआरवर जाऊ नका. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं हे चारांपैकी एक क्षेत्र आहे. गाडीच्या कंपन्यांनी त्याच न्यायाने व्हायझरची स्प्रिंग क्लिप सुटी विकायला ठेवावी. बोटभर पोलाद आहे ते, आणि त्याच्यासाठी आज अख्खा व्हायझर कचऱ्यात जातो.