द्राक्षमळ्यांतून कालव्याकाठी सायकलने

सायकल ही आपल्या खेड्यातल्या माणसाची जुनी सोबतीण. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, शाळेला निघालेली पोरं, सारे काही तिने वाहिले. पण नुसता मुलूख पाहावा म्हणून आठ-आठ दिवस सायकलवर हिंडायचे, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या अलीकडे, लांगदॉक नावाचा प्रांत आहे. तिथे दरवर्षी कितीतरी माणसे बायकामुलांसह अशी हिंडतात. त्यांच्या आवडीचा रस्ता साडेतीनशे वर्षांच्या जुन्या कालव्याच्या काठाने जातो. या वाटेवर मोटारींना बंदी आहे. एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला नजर पोचेल तिथवर द्राक्षाचे मळे. शेतकरी कुटुंबाला या मुलखात पाहण्यासारखे आणि विचार करण्यासारखेही पुष्कळ आहे. म्हणून मंडळी, आज घरबसल्या तिकडे एक फेरी मारू.

कालवा कोणी काढला?

या कालव्याचे नाव कॅनाल दु मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा. तुलूझ शहरापासून समुद्राकाठच्या सरोवरापर्यंत तो सुमारे २४० किलोमीटर धावतो. तो काढला पिएर-पॉल रिके या गृहस्थाने. हा कोणी इंजिनियर नव्हे, मिठावरचा सरकारी कर वसूल करणारा मक्तेदार. १६६६ साली राजाची मंजुरी मिळाली तेव्हा त्याचे वय झालेले होते. अटलांटिक आणि भूमध्य या दोन समुद्रांना जोडणारी नावांची वाट काढायची, हा त्याचा ध्यास.

अडचण होती पाण्याची. मधल्या नोरूझच्या उंचवट्यावर पाणी आणायचे कुठून? दोन्हीकडे उतार, त्यामुळे माथ्यावर पाणी सोडले तरच कालवा दोन्ही अंगांनी भरणार. रिकेने डोंगरातले ओढे पाटाने वळवले आणि सँ-फेरेओल येथे मातीचे मोठे धरण बांधले. तिथून पाटाने पाणी माथ्यावर आणून दोन्हीकडे सोडले. पाटपाण्याची बारी सांभाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातली अक्कल वेगळी समजावून सांगायला नको.

कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसे असत. त्यांत बायकाही होत्या. पिरेनीज डोंगरातल्या बायकांना पाट कसा वळवावा याची पिढीजात जाण होती आणि ती या कामी आली, असे अभ्यासक सांगतात. रविवार, सण, पावसाचा खाडा आणि आजारपण या दिवसांचीही मजुरी रिके देई. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. १६८१ च्या मे महिन्यात कालवा खुला झाला, पण तो पाहायला रिके उरला नव्हता. काही महिने आधीच, १६८० च्या ऑक्टोबरात, तो वारला. घरची दौलत त्याने यात ओतली होती आणि मागे कर्ज राहिले.

नावा ओढायला काठाने घोडे चालत. त्या घोड्यांची वाट म्हणजेच आजची सायकलवाट. आगगाडी आली, मग ट्रक आले आणि विसाव्या शतकाअखेर कालव्यावरची मालवाहतूक बंद पडली. वाट मात्र राहिली. १९९६ साली युनेस्कोने हा कालवा जागतिक वारशात घेतला.

चौपन्न किलोमीटर सपाट

साऱ्या वाटेत सायकलस्वाराला सुखाचा तुकडा आर्झां गावापासून बेझिए शहरापर्यंतचा. कालव्यावर चढउतार असला की नावेसाठी पाण्याचे दरवाजे लागतात. दोन दरवाजांमधल्या हौदात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करतात. या ५४ किलोमीटरांत मात्र एकही दरवाजा नाही. डोंगराच्या कडेकडेने, एकाच पातळीवर, कालवा वळणे घेत जातो. वाटही तशीच सपाट. लहान मूल किंवा घरचे म्हातारे माणूसही न दमता चालवील.

वाटेत ल सोमाय हे जुन्या मुक्कामाचे गाव लागते. कमानीचा दगडी पूल, लहानसे देऊळ आणि धर्मशाळेसारखी जुनी खानावळ. पुढे आर्झेलिए, मग कापेस्तां. त्यापुढे कालवा चक्क टेकडीच्या पोटात शिरतो. हा मालपासचा बोगदा, सुमारे १७० मीटर लांब. टेकडीचा दगड ठिसूळ आहे म्हणून काम थांबवा, असा वरून हुकूम आला होता. रिकेने गुपचूप खोदाई चालू ठेवून काही दिवसांत बोगदा आरपार नेला, असे सांगतात.

सायकल खाली ठेवून शेजारच्या आंसेरूनच्या टेकडीवर जरूर चढावे. खाली मोंतादीचे शिवार दिसते. एकेकाळी ते पाण्याचे तळे होते. १२४७ साली निचऱ्याची परवानगी मिळाली आणि लोकांनी मध्यापासून चहूकडे चर खोदले. चरांचे पाणी मध्यभागी येते आणि भुयारातून टेकडीपलीकडे जाते. शेतांचे तुकडे असे दिसतात की जणू बैलगाडीचे भलेमोठे चाकच जमिनीवर आडवे टाकले आहे. पावणेआठशे वर्षे झाली, चर अजून चालू आहेत.

शेवटी बेझिएच्या वेशीवर फोन्सेरानचा पाण्याचा जिना येतो. एकाला एक लागून आठ हौद, नऊ दरवाजे. नाव पायरी पायरीने साडेएकवीस मीटर खाली उतरते. पोरांना तिथून हलवणे कठीण.

तिकडचा वेल, इकडचा वेल

आपल्याकडे नाशिक-सांगलीला द्राक्ष म्हटले की मांडव किंवा वाय अँगल, ठिबक, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. तिकडे छाटणी एकदाच, हिवाळ्यात. जुने मळे बिनमांडवाचे. गुडघ्याएवढे जाड खोड, त्यावर चार-पाच हात फुटलेले, जणू झुडूपच. नवे मळे तारांवर आहेत. उन्हाळा कोरडा, काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात. बहुतेक माल वाइनसाठी जातो. कारिन्यां, ग्रेनाश आणि सिरा या तिकडच्या मुख्य जाती.

या मळ्यांची आणि आपल्या मळ्यांची एक खरी सोयरीक आहे, ती जमिनीखाली. १८६० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतून फायलॉक्सेरा नावाची बारीक मावा-कीड इकडे आली आणि मुळ्या खाऊ लागली. मळेच्या मळे वाळले. १८६८ साली माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी मुळ्यांवरची ही कीड ओळखली. शेतकऱ्यांनी नाना उपाय केले. सखल भागात हिवाळ्यात चाळीस-चाळीस दिवस पाणी कोंडून मळे बुडवून ठेवले. वाळूत कीड तगत नाही म्हणून समुद्रकाठच्या वाळूतही वेली लावल्या. खरा उतारा मिळाला तो अमेरिकेच्याच रानवेलींत. त्यांच्या मुळ्यांना ही कीड सहन होते. त्या खुंटावर आपल्या जातीचे कलम बांधायचे, ही रीत तिथून रुजली. आपण डॉगरिज खुंटावर कलम करतो ते पाण्याची तूट आणि खारपट जमीन सोसावी म्हणून. कारण वेगळे, पण खुंट अमेरिकेच्या रानवेलीचा आणि विद्या तीच.

भाव पडला तेव्हा

कीड गेली, मळे पुन्हा उभे राहिले आणि मग माल उदंड झाला. त्यात साखर आणि पाणी घालून केलेली बनावट वाइन बाजारात आली. भाव कोसळला. कर्जाने घरे बुडाली. ११ मार्च १९०७ रोजी आर्झेलिए गावातून ८७ शेतकरी गाऱ्हाणे मांडायला नारबॉनला निघाले. आपल्या सायकलवाटेवरचेच हे गाव. पुढारी होता मार्सेलां आल्बेर, थोडी द्राक्षशेती करणारा आणि गावात कॅफे चालवणारा साधा माणूस. मग दर रविवारी सभा भरू लागल्या आणि गर्दी वाढत गेली. ९ जूनला माँपेलिएला पाच लाखांवर माणसे जमली असे सांगतात. पुढे नारबॉनला गोळीबार झाला, माणसे मेली. आल्बेर पंतप्रधान क्लेमांसोंना भेटायला पॅरिसला गेला. क्लेमांसोंनी त्याला परतीच्या भाड्यासाठी शंभर फ्रँक दिले आणि ती बातमी पसरवली. बिचारा आल्बेर आपल्याच लोकांच्या मनातून उतरला. तरी आंदोलन फुकट गेले नाही. त्याच जूनच्या अखेरीस बनावट वाइनविरुद्ध कायदा झाला.

दुसरा मार्ग होता एकीचा. बेझिएजवळच्या मारोसां गावात १९०१ साली शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली आणि मधल्या व्यापाऱ्याला टाळून पॅरिसच्या कामगारांच्या सहकारी भांडारांना माल थेट विकला. पुढे गावोगाव अशा सहकारी वाइनरी झाल्या. आजही वाटेवरच्या गावांत त्यांच्या थोराड इमारती दिसतात. साखर कारखान्याच्या भोवती गाव वाढलेले ज्यांनी पाहिले त्यांना त्या ओळखीच्या वाटतील.

आजची चिंता

ही वाट दिसते तितकी निश्चिंत नाही. कालव्याकाठी चिनारच्या भाऊबंदांतली सुमारे ४२ हजार प्लेन झाडे होती. २००६ साली त्यांच्यावर बुरशीचा रोग दिसला. तो पाण्यातून आणि नावांच्या दोरांनी मुळ्या-खोडांना झालेल्या जखमांतून पसरतो. उपाय नाही. तीस हजारांच्या आसपास झाडे तोडून जाळावी लागली. जागी दुसऱ्या जातींची रोपे लावत आहेत, पण सावलीला एक पिढी जाईल.

मळ्यांचेही तसेच. लोक वाइन कमी पितात, अवर्षणाची वर्षे वाढली. वेल कायमची उपटणाऱ्याला सरकारने २०२४ मध्ये हेक्टरी ४००० युरो देऊ केले. देशभरातून सुमारे २७ हजार हेक्टरांसाठी अर्ज आले, त्यांत लांगदॉकचा वाटा मोठा. ऑगस्ट २०२५ मध्ये कालव्याच्या दक्षिणेला कोर्बिएर डोंगरात वणवा लागला. सोळा हजार हेक्टरांच्या आसपास मुलूख होरपळला. नांगरलेला, हिरवा मळा आगीला अडवतो. जिथे मळे उपटून जमीन पडीक झाली तिथे वाळले गवत माजते आणि आगीला वाट मिळते, हे गावकऱ्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. शेत कसणे हे नुसते पीक काढणे नसते, साऱ्या गावाची राखण असते, हे तिकडे असे कळले.

जायचे झाल्यास

तिकडे कोणाचे लेकी-जावई असतील, शिकायला गेलेली मुले असतील, त्यांनी मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने धरावेत. वारा बहुधा वायव्येकडून जोराचा सुटतो, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे, म्हणजे तो पाठीशी राहतो. तुलूझकडची वाट डांबरी आहे. पुढे मात्र माती आणि झाडांच्या मुळ्या आहेत, तेव्हा जाड टायर, पंप आणि पंक्चरचे सामान सोबत हवे. पाणी भरपूर घ्यावे. सप्टेंबरात गेलात तर काढणी चालू असेल. मळ्याच्या बांधावर उतरून शेतकऱ्याला या वर्षी भाव काय मिळाला एवढे विचारा. भाषा अडली तरी बोलणे अडायचे नाही.