पगाराचे आजोळ

आमच्या घरात स्पॅनिश भाषा शिरली ती गेल्या जूनमध्ये. कन्या अकरावीत गेली आणि तिने संध्याकाळच्या एका क्लासात नाव घातले. फीचा पहिला हप्ता मी भरला. दुसरा गणपतीनंतर भरतो म्हणून सांगितले. वाचकांपैकी जे कोणी माझ्यासारखे तासिका तत्त्वावर कॉलेजात मराठी शिकवत असतील, त्यांना पुढचे सांगायला नको. गणपती येऊन गेले, नवरात्र बसले, आणि जुलैपासूनचे माझे तास अजून कुठल्याशा टेबलावर सहीची वाट पाहत पडून होते.

अशाच एका रविवारी ती हेलकावे घेत पाठ करीत होती, "पागो, पागास, पागा, पागामोस..."

"हे कसले स्तोत्र?" मी विचारले.

"क्रियापद आहे, बाबा. पागार. म्हणजे पैसे चुकते करणे." मग वही मिटून म्हणाली, "आपला पगार तो हाच का हो?"

घरबसल्या असा प्रश्न फुकट मिळाल्यावर मराठीचा मास्तर तो सोडील काय? पण सांगण्यापेक्षा दाखवावे असे मला वाटले. दहिसर पूर्वेला आम्ही मेट्रोत बसलो. आनंदनगर, कांदरपाडा, आणि तिसरे मंडपेश्वर. प्रवास संपला म्हणायचे, इतका तो लहान!

मंडपेश्वरची लेणी बोरिवलीच्या टोकाला आहेत. समोर मोकळी जागा, तिथे पोरांचे क्रिकेट. आत दगडी खांबांचा मंडप, नटराजाची झिजलेली मूर्ती आणि गाभाऱ्यात शिवलिंग. सहाव्या शतकाच्या आसपासचे हे काम. पण मान वर केली की लेण्याच्या माथ्यावर पडक्या भिंती दिसतात, त्या मात्र पोर्तुगीजांच्या. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टीचा मुलूख त्यांना तोडून दिला. फ्रान्सिस्कन पाद्री इथे आले, त्यांनी लेण्याचेच चर्च केले आणि वर मठ उभारला. भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्या सुमारास साष्टीही मराठ्यांकडे आली. पुढे 1774 मध्ये ती इंग्रजांनी बळकावली. शेजारच्या वस्तीला लोक आय. सी. कॉलनी म्हणतात. ही अक्षरे इमॅक्युलेट कन्सेप्शन या चर्चच्या नावाची, हे तिथे राहणाऱ्यांपैकीही कित्येकांच्या ध्यानात नसते.

"पण हे तर पोर्तुगीज," कन्या म्हणाली. "मी शिकते ती स्पॅनिश."

शंका रास्त होती. दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी, त्यामुळे हे क्रियापद दोघींकडे सारखेच. शिवाय 1580 ते 1640 अशी साठ वर्षे पोर्तुगालचे राज्य स्पेनच्याच राजाकडे होते. म्हणजे त्या काळात बोरिवलीच्या भातशेतीचा धनीही तोच. माद्रिदला त्याची कितपत खबर होती, कोण जाणे!

पोर्तुगीज गेले, पण चावी, पाव, बटाटा, काजू, अननस, लिलाव, घमेले मागे ठेवून गेले. ही सगळी नामे. वस्तू आली, तिच्याबरोबर नाव आले, यात नवल नाही. पगाराची गोष्ट मात्र वेगळी. तिकडे 'पागार' ही क्रिया आहे, देणाऱ्याने करायची. मिळालेल्या वेतनाला स्पॅनिशमध्ये 'सुएल्दो' किंवा 'सालारियो' म्हणतात. आपण देणाऱ्याचे क्रियापद उचलले आणि त्याचे घेणाऱ्याचे नाम केले! मी मनाशी चित्र रंगवतो, की कारकून पेटी उघडून 'पागार, पागार' म्हणत असेल, आणि रांगेतल्या शिपायाने हातावर पडलेल्या नाण्यांनाच ते नाव दिले असेल. मराठेशाहीतला रोजमुरा दप्तरात राहिला, पगार घरोघर गेला. 'बिनपगारी फुल अधिकारी' ही आपली म्हण पाहा, तीन शब्दांत पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत सुखाने नांदतात. (ही म्हण मला अलीकडे फार जवळची वाटते.)

पायरीवर बसून कन्येने मला वापर शिकवला. आपण चहाचे 'पैसे' देतो. स्पॅनिश माणूस थेट कॉफीच 'पागार' करतो, मध्ये पैसे हा शब्द लागत नाही. बिल पागार करता येते, भाडे करता येते, आणि माणसालाही. 'मे पागान' म्हणजे ते मला पैसे देतात. मूळ लॅटिन शब्द 'पाकारे', म्हणजे शांत करणे, हे मी माझ्या बाजूने सांगितले; 'पाक्स' म्हणजे शांतता, त्यातूनच तो निघाला. देणेकऱ्याला शांत करायचे ते पैसे देऊन. यावर ती काही बोलली नाही. महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्या स्वयंपाकघरातून येणारे भांड्यांचे आवाज तिलाही ऐकू येतात.

थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, भविष्यकाळ सगळ्यात सोपा आहे. वर्तमानकाळात 'पागो' म्हटले की 'आर' गळतो. भविष्यकाळात अख्खे पागार तसेच ठेवायचे आणि पुढे प्रत्यय लावायचा. पागारे, मी देईन. पागारान, ते देतील."

"म्हणजे पगार शाबूत राहतो तो भविष्यकाळातच!" मी म्हणालो. ती इतकी हसली की क्रिकेट खेळणारी पोरे वळून पाहू लागली.

"आणि पागारे याचा आणखी एक अर्थ आहे. वचनचिठ्ठी. पैसे देईन असे लिहून दिलेला कागद."

परतताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून चार पाव घेतले. ते तिने पागार केले, आजीने दिलेल्या खाऊच्या पैशांतून. मी मेट्रोच्या नकाशाकडे पाहत राहिलो.

रात्री एका कोऱ्या कागदावर मी देवनागरीत रक्कम लिहिली, खाली तिच्याकडून रोमन अक्षरे विचारून घेऊन 'पागारे' लिहिले आणि सही केली. क्लासच्या बाई तशा कडक. चिठ्ठी घेऊन जायला कन्या तयार नव्हती, पण गेली. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. बाईंनी शेवटच्या अक्षरावर तांबड्या शाईने एक तिरपी रेघ ओढली होती, आघात तिथे येतो म्हणून. खाली मराठीत लिहिले होते, "ही खूण विसरू नये. दिवाळीनंतर चालेल."