मडगावहून रेल्वेनं

पणजीतली परिषद दुपारी बाराला संपली. सहकाऱ्यांची टॅक्सी चोर्ला घाटातून बेळगावला निघाली होती. त्यांच्याबरोबर गेलो असतो तर लेकीला अख्खी संध्याकाळ मिळाली असती. (ती रुसली, रुसायलाच हवं.) मी मात्र बसनं मडगाव गाठून गोवा एक्स्प्रेस पकडली.

कुळे ते कॅसलरॉक 26 किलोमीटर, चढ 37 फुटांमागे एक फूट. म्हणून गाडीला मागूनही इंजिनं लावून ढकलतात. रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांनी हे शंभरदा सांगितलं, एकत्र जायचं मात्र राहिलं. आता त्यांची नजर गेलीय.

दूधसागरापाशी फोन लागेना. कॅसलरॉकला लागला.

"मागची इंजिनं सुटली काय रे?"

"सुटतायत, बाबा."

"ऐकव की मग."

मी फलाटावर उतरलो आणि फोन इंजिनांकडे धरला.