घेणे आहे : एक लॅपटॉप

आमच्या वडिलांच्या पिढीनं आयुष्यात पुष्कळ सोसलं, पण एक दुःख त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. ते म्हणजे निवडीचं. स्कूटर म्हटली की बजाज आणि घड्याळ म्हटलं की एच.एम.टी. स्कूटर लिटरला किती जाते, ती किती किलोची, असले चोंबडे प्रश्न विचारायची सोयच नव्हती. नंबर कधी लागणार, एवढा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर महिन्यांत नव्हे, वर्षांत मिळायचं. माणूस नाव नोंदवून निवांत घरी यायचा, लग्न करायचा, आणि थोरल्याच्या मुंजीच्या सुमारास दारात स्कूटर यायची. आलेली वस्तू प्रसाद म्हणून घ्यायची. प्रसादाचा पेढा केशरी का नाही, असं पुजाऱ्याला कोणी विचारत नाही.

आमच्यावर आलेला प्रसंग मात्र निराळा. आमचे चिरंजीव यंदा अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेले. गेले म्हणजे रोज सकाळी भोरहून एस.टी.नं जातात आणि रात्री भुकेले परत येतात. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जेवताना जाहीर केलं, "बाबा, लॅपटॉप लागणार आहे."

"कसला?" मी विचारलं. सहज विचारलं. पुढचे दोन महिने त्या प्रश्नाचं उत्तर चालू होतं.

आधी भांडवल उभं करावं आणि मग खरेदीला निघावं, ही बँकेतल्या माणसाची रीत. माझं रिकरिंग डिपॉझिट चाळीस हजारांचं पिकलं होतं. सौ.ची भिशी लागली, त्यातले पंधरा. आणि वेल्ह्याला आमच्या सासऱ्यांच्या कानावर गोष्ट गेली, तेव्हा त्यांनी भाताच्या पैशांतले पंधरा काढून नातवाच्या हातावर ठेवले. एकूण सत्तर. चिरंजीवांचं भांडवल शून्य, पण तांत्रिक ज्ञान अमर्याद. अनेक मोठ्या कंपन्या याच पायावर उभ्या राहिल्याचं मी ऐकून आहे.

पण भागभांडवलदार आले की अटी येतात. माझी अट साधी : सत्तर म्हणजे सत्तर. सौ.ची अट : हलका पाहिजे. पोरगं एस.टी.त कात्रजपर्यंत उभं जातं, पाठीवर आधीच पुस्तकं, डबा आणि पाण्याची बाटली. सासऱ्यांची अट : वेल्ह्यात वीज गेली तरी चालला पाहिजे. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं मंत्रिमंडळानं २०२४ साली ठरवलं, पण नाव बदललं म्हणून तोरण्यावरचा पाऊस वागणूक बदलत नाही. आषाढात एकदा झाड तारेवर आडवं झालं की वीज कधी येईल हे वायरमनही सांगत नाही. आणि चौथी अट चिरंजीवांची. ती त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितली : "ग्राफिक्स कार्ड पाहिजे. प्रोजेक्टला लागतं."

प्रोजेक्ट म्हणजे काय हे कळण्याइतका मी जगलेलो आहे.

स्वस्त, हलका, दिवसभर टिकणारा आणि गेमला जोरदार. या चारांतले तीन गुण एका ठिकाणी भेटतात. तीनांवर चौथा घातला की पहिल्या तिघांतला एक हळूच मागच्या दारानं निघून जातो. हलका, टिकणारा आणि जोरदार असा लॅपटॉप जरूर मिळतो, पण त्याची किंमत विचारून मी दुकानाबाहेर येऊन पाणी प्यायलो.

ते दुकान पुण्यातलं. विक्रेता हुशार पोरगा. मला 'सर' आणि चिरंजीवांना 'दादा' म्हणाला. त्यानं आधी गेमिंगचा लॅपटॉप उघडला. आत सात रंगांचे दिवे. आमच्या गल्लीतल्या गणपतीला मंडळ एवढी रोषणाई करत नाही. वजन दोन किलो चारशे ग्रॅम. "बरं," मी म्हटलं, "हे चालेल." मग त्यानं चार्जर काढून शेजारी ठेवला. मला वाटलं, दुकानातला वरवंटा चुकून आला. तो आणखी पाऊण किलो.

घरी येऊन हे सांगितलं मात्र, सौ.नं तीन किलो इंद्रायणी तांदूळ मोजून सॅकमध्ये भरला आणि ती सॅक मला पाठीला लावायला सांगितली. "अहो, राजवाड्यापर्यंत जाऊन या, मग बोलू." भोरच्या बाजारपेठेतून मी तांदूळ पाठीवर घेऊन फिरलो. दोन खातेदारांनी बदली झाली का म्हणून विचारलं.

तरी आम्ही सुखी म्हणायचे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न-१ नावाचा संगणक 'कुठेही न्या' म्हणून बाजारात आला होता. वजन जवळजवळ अकरा किलो, पडदा पाच इंची, किंमत १७९५ डॉलर आणि बॅटरी अजिबात नाही. म्हणजे कुठेही न्या, पण नेलं तिथं भिंतीत प्लग पाहिजे. आमच्या सॅकमध्ये अकरा किलो तांदूळ भरायचा विचार सौ.च्या मनात येऊ नये म्हणून मी ही माहिती घरात सांगितली नाही.

बॅटरीचं प्रकरण मला समजायला आठवडा लागला. दुकानदार 'दहा तास' म्हणतो. दहा तास कुणाचे? पडदा मंद करून, काही न करता त्याच्याकडे बघत बसणाऱ्या योग्याचे! खरा आकडा वेगळाच असतो. तो बारीक अक्षरात, वॉट-अवरमध्ये. आणि तो समजून घ्यायला भोरकरासारखा लायक माणूस नाही, कारण आमच्या उशाशी भाटघर आहे. १९२८ सालचं धरण, साडेतेवीस टीएमसीचं. आता धरणात पाणी किती, एवढ्यावर ते किती दिवस पुरेल हे ठरतं का? खाली किती सोडलंय, यावर ठरतं. बॅटरी म्हणजे धरण आणि वॉट म्हणजे विसर्ग. साठ वॉट-अवरचं धरण. निबंध लिहिताना हलका लॅपटॉप आठेक वॉट ओढतो, म्हणजे सात तास पुरलं. गेमिंगवाला पूर्ण जोरात शंभराच्या वर ओढतो, म्हणजे अर्ध्या तासात धरणाचा तळ आणि तळातली जुनी देवळं दिसायला लागली. म्हणून तो बॅटरीवर असताना स्वतःच हातपाय आखडून खेळतो. खरा जोर वरवंटा जोडल्यावर.

मग धरण मोठं का बांधत नाहीत? तर म्हणे विमानात शंभर वॉट-अवरच्या वरची बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणून भले भले लॅपटॉप नव्व्याण्णवच्या आसपास थांबतात. भोर-स्वारगेट गाडीच्या प्रवाशांनी विमानाचे नियम का पाळायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

ग्राफिक्स कार्डाची गंमत तर खास बँकवाल्यांनी ऐकावी अशी. आरटीएक्स ४०५० नावाचं एक कार्ड. नाव एकच, पण लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत हवी तेवढी शक्ती देऊ शकतो. म्हणजे खोलीबाहेर एकाच हुद्द्याची पाटी असलेले दोन साहेब. एक कर्ज मंजूर करतो, दुसरा 'वर पाठवतो' म्हणतो. पाटी वाचून तुम्ही आत गेलात की फसलात. खिडकीवर नाव विचारायचं नाही, अधिकार विचारायचा. मी विक्रेत्याला वॉट विचारले, तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीवरून उठला.

उठला आणि म्हणाला, "सर, बजेटचं टेन्शन घेऊ नका. नो कॉस्ट ईएमआय आहे. झीरो पर्सेंट!" इथं मात्र तो चुकीच्या खिडकीवर आला होता. शून्य टक्के व्याज अशी चीज मुळात अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावलेलं आहे. रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला द्यायची नाही, की झालं व्याज वसूल. मी त्याला परिपत्रकाची तारीख सांगितली. चिरंजीव तोवर शेजारच्या दुकानात जाऊन उभे राहिले होते.

वेल्ह्याला गेलो तेव्हा सासऱ्यांना सगळी हकीकत सांगितली. मोठा, दिव्यांचा, जोरदार पण वीज मागणारा एक, आणि सडपातळ, हलका, भाकरी बांधून दिवसभर चालणारा दुसरा. ते तोरण्याकडं बघत म्हणाले, "जावईबापू, पहिला मोगल, दुसरा मावळा. मोगलाला तंबू लागतो, हत्ती लागतो, मागून रसद लागती. आपल्या डोंगराला कुठला पायजे, ते मी काय सांगू?" चौदाशे मीटरचा तोरणा साक्षीला असल्यावर वाद कोण घालणार!

पण चिरंजीवांच्या बाजूनं बोलायला कोणीच नव्हतं, आणि बँकेत ज्याच्या बाजूनं कोणी नसतं त्याची फाइल मी जरा जास्त वेळ चाळतो. रात्री हा पोरगा आपल्या जुन्या, धापा टाकणाऱ्या संगणकावर काय करतो, ते मी एकदा दाराशी उभा राहून ऐकलं. गोळीबार कमी आणि गप्पाच जास्त होत्या. शाळेतले चौघे. एक नाशिकला गेला, एक साताऱ्याला, एक मुंबईला. "अरे, मेसचं जेवण कसंय?" "वडिलांचं ऑपरेशन झालं का?" "मागं बघ, मागं, मेलास!" असा सगळा प्रकार. आमच्या वेळी आम्ही नीरेच्या काठी बसायचो. तिथं बसायला ग्राफिक्स कार्ड लागत नव्हतं, एवढाच फरक. आता नदी तिथंच आहे, पण चौघं चार गावांना आहेत. त्या पोरांचा कट्टा सत्तर हजारांच्या हिशोबातून मी कोणत्या तोंडानं वजा करणार?

मी त्याला सरळ विचारलं, "अरे, खेळायला नक्की लागतं किती?" तोही सरळ झाला. त्यांचा गेम म्हणे जुना, वेगळ्या कार्डाशिवायही चालतो. प्रोसेसरमध्येच बरं ग्राफिक्स असलं, रॅम सोळा जीबी आणि दोन पट्ट्यांत असली, की झालं. फक्त चित्राचा दर्जा खाली आणायचा. "म्हणजे काय होतं?" "गवत दिसत नाही, सावल्या दिसत नाहीत. चालतंय हो बाबा. मी काय गवत मोजायला जातो का तिथं?"

आणि ते प्रोजेक्ट? ते या पहिल्या वर्षी नाहीच आहे, हेही त्याच दमात कळलं.

मग घोडं गंगेत न्हालं. एक किलो चारशे ग्रॅम, साठ वॉट-अवर, रॅम सोळा. चार्जर मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊ, खिशात मावतो. किंमत घासाघीस करून एकोणसत्तर हजार चारशे, अठरा टक्के जीएसटी धरून. उरलेल्या सहाशेत सॅक घ्यावी असं मी म्हणालो. सॅक सोळाशेची निघाली. लॅपटॉपला सात रंगांचे दिवे नाहीत. पांढरा एकच, तोही सौ.ला आवडला नाही.

गौरी-गणपतीला वेल्ह्याला गेलो. संध्याकाळी पाऊस कोसळायला लागला आणि सातला वीज गेली. टॉवर अजून जिवंत होता. चिरंजीवांनी मोबाइलवरून इंटरनेट जोडलं, ओसरीत बैठक मारली आणि चौघं जमले. पडद्याच्या उजेडात सासरे नातवाशेजारी पाट घेऊन बसले. बराच वेळ त्यांनी माणसं धावताना पाहिली.

"आरं, ही बोलत्यात ती पोरं हायत कुठं?"

"एक नाशिक, एक सातारा, एक मुंबई, आजोबा."

"येवढ्या पावसात?" म्हाताऱ्यानं क्षणभर विचार केला. "उद्या गौरी जेवायच्या हायत. त्यास्नी म्हणावं, जेवायला या समदे."

नातवानं माइकमध्ये निरोप दिला. तिकडून तीन आवाज एकदम आले, "हो आजोबा!" आणि तेवढ्यात कुणीतरी याला मागून गोळी घातली.

बॅटरी त्या वेळी ४१ टक्के होती.