पास झाला, पण शिकला का?

चोपड्याला माझी थोरली बहीण दिली आहे. शापोरा नदीवर पूल नव्हता तेव्हा आम्ही बेळगावहून म्हापसा, शिवोली करत फेरीबोटीने पलीकडे उतरायचो आणि ताई धक्क्यावर वाट पाहत उभी असायची. आता गाडी थेट अंगणात जाते. दरवर्षीप्रमाणे २०२२ सालीही आम्ही चवथीला तिच्याकडे गेलो. सोबत माझ्या सासूबाई होत्या. त्या धारवाडकडच्या. सगळे घर त्यांना अज्जीच म्हणते. ताईचे मराठी-कोकणी आणि अज्जींचे कानडी यांचे संभाषण ऐकण्यासारखे असते. दोघी आपापल्या भाषेत बोलतात आणि दोघींना सगळे कळते.

त्या वर्षी घरात एक नवा डॉक्टर होता. ताईचा मुलगा, माझा भाचा. २०१६ साली तो वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेला. भावोजींनी काजूच्या बागेचा तुकडा विकला, वर बँकेचे कर्ज घेतले. जानेवारी २०२० मध्ये तो हिवाळी सुट्टीला आला आणि कोरोनामुळे परतीची वाट बंद झाली. पुढची सगळी वर्षे त्याने चोपड्याच्या ओसरीवर, मोबाईलच्या पडद्यापुढे काढली. ज्या वर्षांत विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशेजारी उभा राहतो, नेमकी तीच वर्षे. जून २०२२ मध्ये पदवी हाती आली. गावातली टवाळ पोरे त्याला ‘ऑनलाइन डॉक्टर’ म्हणू लागली.

चवथीच्या दुसऱ्या रात्री अज्जी उठून बसल्या. ‘दम्मु हत्तेद’, एवढेच म्हणाल्या. कानडी असो की मराठी, दम तो दमच. भाच्याला भाषांतराची गरज पडली नाही. त्याने स्टेथोस्कोप लावला. बाहेर पाऊस कोसळत होता, शेजारी भजन चालले होते. त्याचा हात थरथरत होता. दोन मिनिटांनी तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मामा, मला नक्की कळत नाही. गाडी काढ.’

म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने अज्जींच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला तो पाहिला आणि विचारले, ‘रात्री किती उशा लागतात?’ माझ्या पत्नीने कानडीत विचारून सांगितले, ‘महिनाभर तीन.’ हृदयाचा जोर कमी पडून फुप्फुसात पाणी साठले होते. वेळेवर आणले, म्हणाली.

परतताना भाचा गप्प होता. पूल ओलांडताना म्हणाला, ‘मामा, उशांचा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी बरोबर सोडवला असता. अज्जीला विचारायचे मात्र सुचलेच नाही.’

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. कारण मीही मास्तरच. २०२० आणि २०२१ मध्ये मीही पडद्यावरूनच शिकवले, आणि ज्यांचे चेहरेही नीट पाहिले नाहीत अशा मुलांना सढळ हाताने गुण दिले. माझ्या विषयात त्याने कोणाचा जीव जात नाही, एवढाच फरक.

घरी ताईने मला बाजूला घेऊन विचारले, ‘तू प्राध्यापक, तूच सांग. ह्याला डॉक्टर म्हणायचे की नाही?’ तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे मी थोडे वाचले, डॉक्टर मित्रांना विचारले.

परदेशातून शिकून आलेल्यांसाठी आपल्याकडे २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. पर्याय निवडायचे ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. ती माहिती तपासते, हात तपासत नाही. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि रोजच्या कामात खरोखर करणे. आमचा भाचा दुसऱ्या पायरीवर होता. तिसरी पायरी तपासण्याची रीत स्कॉटलंडमधल्या डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली मांडली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो, प्रत्येक ठिकाणी एक काम करून दाखवतो, आणि परीक्षक ठरलेल्या यादीप्रमाणे खुणा करतो. चौथी पायरी मात्र वॉर्डातच कळते.

सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२२ मध्ये हेच धरले, की प्रत्यक्ष प्रशिक्षणाशिवाय डॉक्टर घडत नाही. त्यानंतर २८ जुलै २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा मुलांना एकवेळची सवलत दिली. ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळालेल्यांनी चाळणी परीक्षा द्यावी, मग एकाऐवजी दोन वर्षे इंटर्नशिप करावी. अनेक पालकांना ती शिक्षा वाटली. ताईलाही वाटली. ‘आणखी एक वर्ष? कर्जाचे हप्ते कोण भरणार?’ तिचा प्रश्न खोटा नव्हता.

पदवी कुठली, एवढ्यावरून माणूस जोखण्याची रीत गोव्याला नवी नाही. पणजीची वैद्यकशाळा १८४२ ची. तिथून शिकलेल्या डॉक्टरांना पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर तिकडे पुन्हा परीक्षा द्यावी लागे. पण आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत तेच डॉक्टर रोगी तपासत होते. म्हणून मला वाटते, ‘कुठे शिकला’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणाच्या नजरेखाली, किती वेळा, आपल्या हाताने काय केले, हे विचारावे. तो प्रश्न आपल्याकडच्या महागड्या महाविद्यालयांतल्या मुलांनाही विचारायला हरकत नाही.

भाचा दुसऱ्या खेपेस चाळणी परीक्षा पास झाला. फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा अज्जींनी विचारले, ‘पास आग्यान, खरे कल्तानेनु?’ पास झाला, पण शिकला का? मिलरच्या चार पायऱ्या अज्जींनी एका वाक्यात बसवल्या.

दोन वर्षे त्याने एका सरकारी इस्पितळात काढली. पहिल्या महिन्यांत नर्सबाईंनी त्याला सलाईन लावायला शिकवले, हे तो मोकळेपणाने सांगतो. गेल्या चवथीला आम्ही पुन्हा चोपड्याला होतो. आरती झाल्यावर तो अज्जींपाशी बसला, पायावर अंगठा दाबला आणि मोडक्यातोडक्या कानडीत विचारले, ‘अज्जी, तलदिंब एष्टु?’ उशा किती?

‘ऒंदे,’ अज्जी म्हणाल्या. एकच. मग माझ्याकडे पाहून हसल्या.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर आता मी देऊ शकतो. पण त्यात मी त्या पहिल्या रात्रीचाही एक गुण धरतो. ‘मला नक्की कळत नाही, गाडी काढ’ असे तो वेळेवर म्हणाला होता. ते कोणत्याही पडद्याने शिकवले नव्हते, आणि त्यावाचून पुढची दोन वर्षेही वायाच गेली असती.